उलटं सारवण

१

हेस्टर क्रेनला कोणी 'नको' म्हटलं की तिच्या अंगात बळ येई. हा वारसा बापाकडून आलेला. बर्फाच्या मुलखात, दगडधोंड्यांच्या रानात त्यानं शेती केली होती, ती शेजारी 'इथं काही पिकायचं नाही' म्हणाले म्हणूनच. लेक दवाखान्याचं शिकली आणि मिशनची माणूस होऊन सातासमुद्रापलीकडं कोल्हापूरला आली, तेव्हाही घरचेदारचे सगळे नकोच म्हणत होते.

कोल्हापुरात मिशनच्या बंगल्यात राहून पंडितांकडं मराठी गिरवण्यात तिचं पहिलं वर्ष गेलं. महाराज गादीवर बसून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि करवीर इलाख्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता. पेठ वडगावात दवाखाना काढायचं ठरलं. भर बाजारपेठेत माडीचं घर, मागं परसू, परसात आड, अशी जागा मिळाल्याचा निरोप आला होता. हेस्टर औषधांच्या पेट्या, एक लोखंडी खाट आणि ताजबी एवढा लवाजमा घेऊन निघाली. ताजबी मंगळवार पेठेतली. नवरा गेल्यापासून मिशनच्या दवाखान्यात काम करायची. जखम धुताना तिचा हात पिसासारखा हलका, आणि जीभ मात्र जात्याच्या पाळीसारखी जड.

चैत्राचं ऊन माथ्यावर आलं तेव्हा गाडी वडगावच्या वेशीशी पोचली आणि गाडीवान ज्ञानूनं बैल थांबवले.

"का थांबलास?"

"गाव भाईर पडलंय, मडम."

हेस्टर गाडीतून उतरून वेशीच्या आत गेली. पेठेतली सगळी दारं बंद. घरांवरची कौलं उतरवून ठेवलेली, घरात ऊन पडावं म्हणून. भिंतींच्या वरून थेट आभाळ आत उतरलं होतं. कुणाच्या चुलीवर, कुणाच्या देवळीवर ऊन पडलेलं दिसत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"माझं घर कुठे आहे?" तिनं विचारलं.

"घर हाय की. पर शेजार न्हाय," ज्ञानू म्हणाला. "माणसं समदी मळ्यांत. पाटलांच्या बापूसोंनी सांगितलंय, मडमना आमच्या मळ्यात आणा म्हणून."

मळा गावापासून चांगलाच लांब होता. उसाच्या कडेकडेनं गाडीवाट, पलीकडं विहीर, आणि आंब्याच्या झाडांखाली कडब्याच्या न् पाचटाच्या खोपी दाटीवाटीनं उभ्या. एकेका खोपीत पाच-सहा माणसं. लांबवर जोतिबाचा डोंगर उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. हेस्टरला हसूच आलं. माडीच्या घराचं स्वप्न बघत आलेल्या बाईला कडब्याची खोप!

पण मळ्याच्या मधोमध एक घर उभं होतं. मातीच्या जाड भिंतींचं, कौलारू, धडधाकट. त्याच्या सावलीत कोणी बसलेलं नव्हतं. एक शेळीसुद्धा तिथं बांधलेली नव्हती.

बापूसो हात जोडून पुढं आले. पस्तिशीचा, उंच, जैन पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष. "या पावणं. तुमच्यासाठी नवी खोप घातलीया."

"ते घर कुणाचं?"

"आमचंच की."

"मग तुम्ही सगळे उन्हात, आणि घर रिकामं, असं का?"

बापूसोंनी घराकडं पाहिलं नाही. "वल हाय तितं. सारवलेलं वाळत न्हाय."

चैत्रातलं ऊन असं की औषधांच्या पेट्यांना हात लावला तर चटका बसत होता. "मी तिथेच राहणार," हेस्टर म्हणाली. "मला दवाखान्याला छप्पर हवं."

"नगं, मडम," बापूसो म्हणाले.

बस्स. तेवढं पुरे होतं.

२

घराला पुढं सोपा, मग माजघर, आणि माजघराच्या मागं एक लहान आतली खोली. सोप्यात न् माजघरात धुळीचा थर होता, कोपऱ्यांत जाळ्या. वर्षभरात तिथं कोणी पाय टाकला नसावा. ताजबीनं नाकाला पदर लावून केरसुणी हातात घेतली.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. हेस्टरनं ती काढून दार ढकललं आणि गार हवेची झुळूक तोंडावर आली. ओल्या शेणाचा, गवताचा वास. भिंतीत वर तळहाताएवढा झरोका. त्यातून पडलेल्या उजेडात जमीन हिरवीगार चमकत होती. नुकतीच सारवलेली. बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून, नक्षीसारखे सुबक.

'बरी माणसं आहेत,' हेस्टरच्या मनात आलं. 'नको नको म्हणत होती, पण पाहुणीसाठी खोली सारवून ठेवली.'

दिवस मावळायच्या आत बापूसोंची आई, अक्काताई, भाकरी न् ताक घेऊन आल्या. पाटलांकडं अंधार पडायच्या आत जेवणं होत. पण त्या सोप्याची पायरी चढल्या नाहीत. खालूनच त्यांनी भाकरीची बुट्टी वर सरकवली.

"खोली फार सुंदर सारवली आहे," हेस्टर पंडितांनी शिकवलेल्या मराठीत म्हणाली. "मी आपली आभारी आहे."

अक्काताईंचा हात बुट्टीवर तसाच राहिला. "आमी न्हाय सारवली."

"मग कोणी?"

"भाकरी गरम हाय तवर खावा, पावणं," असं म्हणून त्या वळल्या. जाताना त्यांनी खोपीकडं हाक मारली, "धाकटे, दिवा लाव गं!" आतून एक किडकिडीत पोर डोकावली. ती रत्नाबाई, बापूसोंची बायको.

हेस्टर भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ताजबी, यांना सून एकच दिसते. मग 'धाकटी' कशी?"

ताजबीनं खांदे उडवले. "सून एक आसंल. धाकटी हाय म्हंजी थोरली हुती." मग तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. "मी भाईर झोपतो, मडम. आंब्याखाली."

इथल्या बायका 'मी झोपतो, मी जातो' म्हणतात, हे पंडितांनी शिकवलं नव्हतं. हेस्टरला त्याचीही गंमत वाटली. ती एकटीच सोप्यात झोपली आणि तिला गाढ झोप लागली.

३

दवाखाना सुरू झाला. सोप्यासमोर सकाळपासून माणसं बसत. कुणाचे डोळे आलेले, कुणाला हगवण, कुणाच्या पायाला कुऱ्हाड लागलेली. पायरी मात्र कोणी चढत नसे. हेस्टर खाली उतरून तपासायची.

दुपार टळायला लागली की मळा थंडावायचा. मोट थांबायची, बैल सावलीला जायचे, माणसं खोपींत आडवी व्हायची. अशाच एका वेळी हेस्टर पट्ट्या गुंडाळत बसली होती, तर आतून आवाज आला.

सप्प. मग सर्रर्र.

मध्ये थोडी उसंत. पुन्हा सप्प... सर्रर्र.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मिशनच्या बंगल्यामागं मोलकरणी अशाच सारवायच्या. शेणकाल्याचा गोळा जमिनीवर आपटायचा न् तळहातानं ओढायचा. हेस्टर उठून आत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ढकललं आणि आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं. बादली नव्हती, शेणाची पाटी नव्हती. जमीन ओली होती, तिच्यावर पाण्याची तकाकी अजून हलत होती.

ती भुताखेतांना मानणारी बाई नव्हती. अक्काताईच लपून येत असतील, घराची रीत म्हणून. तिनं बाहेर जाऊन खोलीच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवला; कुठं दार नाही, फट नाही. झरोक्यातून मांजरसुद्धा आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः कडी लावली आणि दारासमोर स्टूल टाकून बसली. दुपार टळली. कडी जागची हलली नाही, आणि आत आवाज सुरू झाला. सप्प. सर्रर्र. शांत, सवयीचा, घरकामाचा आवाज. आवाजात भीतीसारखं काही असतं तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं कडी काढली. पुन्हा तेच. ओली जमीन न् रिकामी खोली.

या खेपेला ती उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसली आणि ते अर्धगोल नीट पाहू लागली. सारवणारी बाई मागच्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागं मागं सरकत दारापर्यंत येते, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. शेवटचा हात उंबऱ्याशी फिरवायचा न् बाहेर पडायचं. आधीच्या फेऱ्यावर नंतरचा फेरा चढतो. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, ते डोळ्यांना कळतं.

इथं पहिला फेरा उंबऱ्याशी होता.

हेस्टरची नजर एकेका फेऱ्यावरून पुढं सरकत गेली. दारापासून आत, आत, अजून आत. शेवटचा फेरा पलीकडच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात थोडीशी जागा सारवायची राहिली होती. कोरडी. उकिडवी बसलेली बाई मावेल एवढीच.

आणि तिथून दारापर्यंत ओल्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

म्हणजे जी कोणी सारवत होती, ती अजून बाहेर पडलेली नव्हती.

हेस्टरनं दार ओढून घेतलं. मग आपण दार ओढलं, याचाच तिला राग आला. तिनं दार पुन्हा सताड उघडलं, त्याला पेटी टेकवून ठेवली आणि त्या कोपऱ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "हे दार आता बंद होणार नाही."

४

ज्ञानू कोल्हापूरहून मिशनच्या डॉक्टरांचा सांगावा घेऊन आला. ताप वाढतोय, मळ्यांतसुद्धा शिरलाय, सामान आवरून ताबडतोब परत या.

"त्यांना सांग, येत नाही."

"लई रागावत्याल, मडम."

"रागावू दे. रागानं गाठ येत नाही."

ज्ञानू हसत गाडीकडं गेला. ताजबी मात्र हसली नाही. चुलीत काटक्या सारत ती म्हणाली, "तापाला मी भ्यालो न्हाय कधी. पर ह्या घरात तुमी त्या दाराकडं पाठ करून बसतासा, त्ये मला बघवत न्हाय."

"तिथं कोणी नाही, ताजबी."

"मग काल कुणासंगं बोलत हुता?"

हेस्टर उठली. ती तडक अक्काताईंच्या खोपीकडं गेली. म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती.

"आतल्या खोलीत कोण होतं?"

अक्काताईंची बोटं सुपात फिरत राहिली. "पावणं हायसा, पावण्यासारखं ऱ्हावा."

"मी पाहुणी नाही. मी दवाखाना आहे."

म्हातारीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता. "कामाची लई वखवख हुती थोरलीला," ती पुटपुटली. "आंगात आग असली तरी हातातलं काम पुरं झाल्याबिगार उठायची न्हाय."

एवढं बोलून तिनं सूप उचललं न् खोपीत गेली.

५

त्याच आठवड्यात रत्नाबाईला ताप भरला.

हेस्टर औषध घेऊन पोचली तेव्हा खोपीबाहेर बापूसोंनी पोरीला गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. पाय खाली लोंबत होते. बापूसो तिला घेऊन मळ्यातल्या घराकडं चालले होते आणि मागनं अक्काताई पाण्याचा तांब्या धरून.

"कुठे नेताय?"

"आतल्या खोलीत. गारवा हाय तितं."

"तुम्हीच म्हणालात तिथं ओल आहे."

बापूसो थांबले. "मडम, तपासणीला सरकारी माणसं याला लागल्यात. तापाचं माणूस घावलं की छावणीत नेत्यात आन् खोपी पेटवून देत्यात. हितं शंभर माणूस हाय. दोन दिवस आत ठिवायची, वरनं कडी लावायची. कण्हल्याचा आवाज भाईर जाया नगं. एवढंच."

"एवढंच," हेस्टर म्हणाली. आणि मग तिला सगळं कळलं, किंवा कळावं तेवढं कळलं. बाहेरून लावायची कडी. जाड भिंती. वर्षभर कोणी न चढलेली पायरी. "गेल्या सालीही एवढंच केलं होतं का, बापूसो?"

बापूसोंच्या खांद्यावर रत्नाबाई कण्हली. अक्काताईंच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी मातीत गेलं.

"न्हाय ठिवली तर शंभर माणसांच्या खोपी जळत्याल!" बापूसो ओरडले. "तुमाला काय त्येचं? तुमी बोटीत बसून जाशीला!"

"मी कुठेही जाणार नाही. ती माझ्या खाटेवर झोपेल, सोप्यात, वाऱ्याला. सरकारी माणसं आली तर आधी माझ्याशी बोलतील. आणा तिला इकडे."

"नगं म्हणतोय न्हवं!"

हेस्टर पुढं गेली आणि तिनं त्यांच्या खांद्यावरून पोरीला उतरवून घेतलं. उंच, धिप्पाड माणूस. त्यानं हात उगारला असता तर ती पडली असती. पण बापूसोंचे हात आपोआप सुटले, जणू कुणीतरी ते सोडवण्याची ते वर्षभर वाट पाहत होते.

काखेत गाठ नव्हती. जांघेतही नव्हती. ताप मात्र भट्टीसारखा. हेस्टर न् ताजबी आळीपाळीनं कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिल्या. त्या दिवशी दुपार टळली तरी आतल्या खोलीतून आवाज आला नाही. हेस्टरला हायसं वाटलं. नंतर तिला वाटलं, आवाज न येणं हे जास्त वाईट. काम करणारा माणूस ऐकायला थांबला म्हणजेच असं होतं.

६

दुसऱ्या दिवशी ताजबी विहिरीवर गेली होती. हेस्टर खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. रात्रभराचं जागरण, कौलांवरचा उन्हाचा ताव, रत्नाबाईचा धापांचा एकसुरी श्वास. तिचे डोळे क्षणभर मिटले.

ताजबीच्या किंकाळीनं ती जागी झाली.

"मडम! पाय वर घ्या! पाय!"

ताजबी पायरीखाली उभी होती. घागर फुटून तिच्या पायांशी पाणी पसरलं होतं. पण हेस्टरची नजर त्या पाण्याकडं गेली नाही. सोप्याचा उंबरा ओला होता. उंबऱ्यापासून आत, हिरवेगार अर्धगोल, एकाला एक लागून, सोपा भरत आले होते. शेवटचा फेरा तिच्या बुटाच्या टोकाशी येऊन थांबला होता. कोरडी राहिली होती ती फक्त खाटेखालची जमीन न् स्टुलापुरती जागा.

दार सताड उघडं होतं, पण बाहेर ताजबी होती, तिच्या मागं धावत आलेल्या अक्काताई होत्या, बापूसो होते, आणि त्यांच्यापैकी कुणाचंही पाऊल उचलत नव्हतं. ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही, हे त्यांच्या हाडांत होतं. कडी-कुलपाची गरजच नव्हती. ती ओल हीच कडी होती.

"आम्हाला इथं बसवून ठेवायचंय होय तुला?" हेस्टर उभी राहिली. तिचा आवाज रागानं फुटला. "नाही जमायचं. मी या गावची सून नाही."

तिनं रत्नाबाईला गोधडीसकट खांद्यांकडून उचललं आणि ओल्यावर पाऊल टाकलं. बूट घोट्यापर्यंत रुतल्यासारखा झाला. गार. विहिरीच्या तळासारखं गार. दुसरं पाऊल. तिसरं. पोरीचे पाय खाली घसटतील म्हणून ती ओढून धरत होती, पण पोर हलकी होती, वाटली त्याहून फार हलकी.

मागं आवाज आला. सर्रर्र.

तिनं मान वळवली.

तिची पावलं ओल्यावर उमटली होती, आणि मागची मागची पावलं पुसली जात होती. एक हात ती पुसत होता. नीट, मायेनं, घर बिघडू नये म्हणून कोणी पुसावं तसा. हिरव्या बांगड्या, दोन फुटलेल्या. पेरांपर्यंत शेण. मनगटाच्या वर जे होतं ते खाटेखालच्या सावलीत होतं. खाट बुटकी होती. तिच्याखाली मांजर बसलं असतं, माणूस नाही.

त्या हाताकडं बघताना तिला एकच गोष्ट दिसली: हात दमलेला होता.

"पुरे झालं काम," ती म्हणाली. "ऊठ. तू पण चल बाहेर."

हात थांबला.

हेस्टर वळली आणि उरलेला सोपा ओलांडून उन्हात आली.

७

रत्नाबाईचा ताप उतरला. गाठ आली नाही. तो हिवतापच निघाला. हेस्टरनं दवाखाना आंब्याखाली मांडला, खोपीत राहायला गेली, आणि मळ्यातल्या घराचं दार उघडंच ठेवलं. दुपार टळताना ती कान देऊन बसे. आतून काही ऐकू येत नव्हतं. घर नुसतं घर झालं होतं.

अंगात जीव आल्यावर एका सकाळी रत्नाबाई पेज पिता पिता म्हणाली, "मडम, तुमी मला खांद्याकडनं धरलंसा, त्ये मला कळत हुतं. पर पायाकडनं कोण हुतं?"

"कोणी नव्हतं. मी एकटीच होते."

"हुतं की," रत्नाबाई सहज म्हणाली. "हात लई गार हुतं. बांगड्या टोचत हुत्या. माझं पाय घट्ट धरलं हुतं, खाली लागू दिलं न्हाईत."

हेस्टरनं ताजबीकडं पाहिलं. ताजबीनं खाली मान घातली. "मी काय बगिटलं न्हाय," ती म्हणाली, फार घाईनं.

तेवढ्यात अक्काताईंच्या खोपीकडून ओरडा ऐकू आला.

माणसं जमली होती, पण लांब, अर्धवर्तुळात. खोपीच्या दारातली जमीन ओली होती. हिरवी, सुबक, दारापासून आत गेलेली. आतल्या अंधारातून म्हातारीचा आवाज येत होता. "बापू... बापू रे, मला भाईर काढ..."

बापूसो दाराशी उभे होते आणि पाऊल उचलत नव्हते. त्यांचे गाल ओले झाले होते.

"बाजूला व्हा," हेस्टर म्हणाली.

"मडम, तिचा न् आमचा हिशेब हाय ह्यो," बापूसो म्हणाले. "तुमी कशाला मदी पडतासा? नगं."

हेस्टरनं बूट काढले. का काढले ते तिलाही सांगता आलं नसतं. या खेपेला बूट घालून आत जाणं तिला बरं दिसेना. ती अनवाणी ओल्यात शिरली.

आत अक्काताई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, हातभर कोरड्या जागेवर. डोळे फाटलेले. त्या हेस्टरकडं बघत नव्हत्या. हेस्टरच्या शेजारी, थोडं खाली, उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड असेल तिथं बघत होत्या.

हेस्टरनं तिकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ती मोडत नसे. पण ओल्या शेणाचा वास अगदी दंडाशी आला होता, न् कुणाचा तरी श्वास.

"ही म्हातारी माझी पेशंट आहे," ती त्या श्वासाला म्हणाली. "तुझ्यासारखी इथं कोणीच मरणार नाही. तीसुद्धा नाही." मग अक्काताईंना म्हणाली, "तिचं नाव काय?"

म्हातारीनं मान हलवली. "न्हाय घेत आमी. वरीस झालं, कुणीच घेत न्हाय."

"मला ठाऊक असतं तर मी घेतलं असतं. तुम्ही घ्या. तिला हाक मारा."

"मला भ्या वाटतंय, पावणं."

"मलाही वाटतंय. मारा हाक."

फाटक्या आवाजात अक्काताई म्हणाल्या, "गुणाक्का."

"अशी नाही. बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

"गुणाक्का!" म्हातारी ओरडली, आणि मग तिला थांबवेना. "अगं गुणाक्का! माझी लेक गं! गुणाक्का!" हाक खोपीतून बाहेर पडली, मळाभर गेली. बाहेर बापूसो मटकन खाली बसल्याचं ऐकू आलं.

आणि हेस्टरच्या अगदी शेजारून, कामात बुडालेल्या सुनेनं हात न थांबवता द्यावी तशी, हळू, घोगरी, 'ओ' आली.

हेस्टरनं मान वळवली नाही. तिनं उजवा हात अक्काताईंना दिला. मग डावा हात, जिकडून 'ओ' आली होती तिकडं, रिकाम्या हवेत पुढं केला आणि धरून ठेवला. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ.

तो कुणीतरी धरला.

दाराशी ताजबी येऊन उभी राहिली होती. ती हेस्टरकडं बघत होती, मग म्हातारीकडं, मग हेस्टरच्या डाव्या अंगाला. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, दारातून एक पाऊल मागं सरली, आणि तिघींना बाहेर यायला वाट दिली.